सांगितलेलं ऐकतो

॥ श्री ॥
कोंडवाडी, ता. राजापूर
४ फेब्रुवारी २०२५

चि. दादासाहेब यास,
मुरारीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राची वाट पाहून डोळ्यांच्या वाती व्हायच्या तेवढ्या बाकी आहेत. मी भोसरी सोडून गावी आलो तेव्हापासून नऊ वर्षांत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुझं पत्र यायचं चुकलं नाही. आईच्या सुतकातसुद्धा तू चार ओळी टाकल्या होत्यास. या खेपेला काय झालं? रिटायर व्हायला चार महिने राहिले तर साहेब झालास का?

माझा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. जांभ्याच्या पायरीवरून घसरलो ते मागे लिहिलंच होतं. शेजारची बाई भाकरी आणि आमटी ठेवून जाते. दिवसभर पडवीत बसायचं आणि आंब्याचा मोहोर बघायचा. तुझी वहिनी जाऊन चार वर्षं झाली. स्वयंपाकघरात मांजरीनं भांडं पाडलं तरी मला ते दुसऱ्या दिवशी दिसतं, तेव्हा कळतं. तुला वेगळं काय सांगायचं, तू तर जाणतोसच.

नोकरी संपली की इकडे ये. दोघं भाऊ पडवीत बसू. कोणी बोलायला नको, कोणी ऐकायला नको. आपलं जे ठरलं आहे ते ठरल्याप्रमाणे चालू आहे ना, तेवढं लिही. आणि भोसरीहून मोटारसायकलवर घरी जाताना आरशात बघत जा. हे तुला शंभरदा लिहून झालं, हे एकशे एकावं.

तानाबाईस व चि. तनुजास आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ आटला नसेल तर दोन ओळी टाक, आटला असेल तर एक टाक.

तुझा,
मुरारी


॥ श्री ॥
निघोजे
९ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांस,
तनुजाचा सा. न. वि. वि.

बाबांना आलेलं तुमचं पत्र मी फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मला बाबांनीच शिकवलं आहे, पण ते फोडण्याच्या स्थितीत नाहीत.

तात्या, बसून वाचा. २१ जानेवारीला संध्याकाळी बाबा कामावरून येत होते. कुरुळी फाट्याजवळ ते वळायला आणि मागून टेम्पो यायला एकच गाठ पडली. डोक्याला मार लागला. मेंदूवर रक्ताची गाठ झाली होती, ती त्याच रात्री ऑपरेशन करून काढली. पंधरा दिवस अतिदक्षता विभागात होते, आता वॉर्डात आणलं आहे. श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आहे, नाकातून दुसरी नळी आहे. बाबा शुद्धीवर नाहीत.

टेम्पोवाला पळून गेला नाही, त्यानंच बाबांना पिंपरीला दवाखान्यात आणलं. तो रडत रडत सांगत होता की त्यानं चार वेळा हॉर्न दिला, तरी बाबा बाजूला झाले नाहीत. त्यावर आई म्हणाली की ते कुनाचं ऐकत्यात कंदी? मला तेव्हा तिचा राग आला. पण तुम्हाला आमचं घर माहीत आहे. स्वयंपाकघरातून दहा हाका मारल्या तरी बाबा ओ देत नाहीत. आईनं सात वर्षांपूर्वीच त्यांच्याशी बोलणं सोडलं. ताट वाढते, कपडे काढून ठेवते, बोलत मात्र नाही.

तुम्हाला आधी कळवलं नाही, कारण तुमचा पाय. फोनही दोनदा लावला, पण तुम्ही नेहमीप्रमाणे हॅलो हॅलो करून ठेवून दिलात. घरोघरी मोबाईल असताना तुम्ही दोघे भाऊ पत्रं लिहिता म्हणून मी किती हसायचे. आज मीच लिहिते आहे. चाकणच्या कंपनीतून थेट दवाखान्यात येते, आईला जेवायला घरी पाठवते आणि बाबांच्या कॉटजवळ बसते. वॉर्डात तीस माणसं असतात, तरी इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. दहा मिनिटं बोलल्यावर समोरून काहीच येत नाही, मग काय बोलायचं तेही सुचत नाही.

पायाला जपा. आमच्यावर लोभ आहेच, तो या दिवसांत जरा जास्त असू द्या.

तुमची,
तनुजा


॥ श्री ॥
कोंडवाडी
१४ फेब्रुवारी २०२५

चि. तनुजा हिस,
तात्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ज्ञानेश पोस्टमन पत्र देऊन उभा होता. माझं तोंड बघून तोच पाण्याचा तांब्या घेऊन आला. चार वेळा हॉर्न दिला, ही ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस.

पोरी, मी काही गोष्टी विचारतो, त्या नीट बघून लिही. म्हाताऱ्याला वेड लागलं असं म्हणू नकोस. डॉक्टर त्याला तपासतात म्हणजे नेमकं काय करतात? हाक मारतात ती उशाकडून की समोरून? त्याचा चष्मा कुठे आहे? त्याच्या हातापायांची काही हालचाल होते का, होत असेल तर केव्हा? तू कंपनीत मापं घेतेस, ते तुझं कामच आहे. तसं माप घेतल्यासारखं बघ आणि लिही.

मी निघालोच असतो. पण हा पाय टेकत नाही, आणि डॉक्टर ५ मार्चच्या आत प्लास्टर काढायचं नाव घेत नाही. दादासाहेब अडीच वर्षांचा असताना विहिरीच्या काठावर गेला होता, तेव्हा मी पोचलो होतो. आता इथे बसलो आहे.

तुझ्या आईवर रागावू नकोस, तिची काही चूक नाही. याहून जास्त आज लिहवत नाही. लोभ मनात आहे, कागदावर येत नाही.

तुझा,
तात्या


॥ श्री ॥
निघोजे
१९ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून वहीत टिपून ठेवलं, आणि खरं सांगते, त्यामुळे दोन दिवस बरे गेले. हाताला काम मिळालं.

तपासायची पद्धत अशी. माणूस किती शुद्धीवर आहे याला तीन गोष्टींचे गुण असतात : डोळे, बोलणं आणि हालचाल. डोळ्यांचे चार. बाबांना त्यात दोनच आहेत, कारण दुखेल असं दाबलं की डोळे किलकिले होतात आणि मिटतात. बोलण्याचे पाच. गळ्यात नळी आहे, म्हणून तिथे आकडाच नाही, नुसता टी लिहितात. हालचालीचे सहा. भुवईच्या वर दाबलं की बाबांचा हात तिथपर्यंत येतो आणि डॉक्टरांचा हात ढकलतो, त्याचे पाच. सहावा गुण कशाचा, ते विजयश्री सिस्टरनं सांगितलं : सांगितलेलं ऐकतो. म्हणजे हात उचला म्हटलं की उचलतो, बोटं दाबा म्हटलं की दाबतो. सगळं त्या एका गुणावर अडलं आहे.

डॉक्टर सुखदा फार चांगल्या आहेत. उशाशी उभ्या राहून, कानाशी वाकून मोठ्यांदा दादासाहेब म्हणून हाक मारतात, डोळे उघडा, माझी बोटं दाबा म्हणतात. काही होत नाही. पहिल्या आठवड्यातच त्यांनी आम्हाला विचारलं होतं की यांना ऐकायला नीट येतं ना. तर आई म्हणाली की येतंय की समदं, पन त्यास्नी ऐकायचंच नसतंय. डॉक्टर हसल्या, सिस्टर हसली, मीही हसले. चार आठवड्यांत तेवढंच हसले.

चष्म्याचा चुरा झाला. जुना एक कपाटात आहे, पण मिटल्या डोळ्यांना चष्मा कशाला?

हालचालीचं म्हणाल तर एक आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वॉर्डातल्या मावशी त्यांची कूस बदलतात. डावं कोपर धरून वळवतात. तेव्हा बाबांची डाव्या हाताची मूठ उघडते आणि मिटते. मी मोजलं, दर वेळी दोनदाच. तीनदा नाही, एकदा नाही. मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या की अशा हालचाली आपोआप होत असतात, त्यावर आशा बांधू नये.

आता मुख्य गोष्ट. २५ तारखेला डॉक्टर आमच्याशी बोलणार आहेत. सांगवीला एक केंद्र आहे, तिथे अशा रुग्णांना पुन्हा उभं करतात, पण सांगितलेलं समजतं अशांनाच घेतात, कारण व्यायाम करून घ्यायचा तर सूचना कळायला हव्यात. नाहीतर बाबांना नळ्यांसकट घरी न्यायचं आणि दिवस काढायचे. भावकीतले लोक येतात, कॉटकडे बघतात आणि बाबा चांगले होते असं बोलतात. काल आईनंही होते म्हटलं. मी बाहेर जाऊन चहाच्या टपरीमागे उभी राहून रडले.

एका गुणासाठी माणूस इकडचा की तिकडचा, हे मला पटत नाही तात्या. लोभ असू द्या, आणि काही सुचत असेल तर कळवा.

तुमची,
तनुजा


॥ श्री ॥
कोंडवाडी
२३ फेब्रुवारी २०२५

चि. तनुजा हिस,
आशीर्वाद.

हे पत्र पोस्टानं २५ च्या आत पोचणार नाही. म्हणून ज्ञानेशला सांगितलं आहे की याचा फोटो काढ, पारावर रेंज येते तिथे जा आणि तनुजाच्या मोबाईलवर धाड. मूळ पत्र मागून येईल.

तनुजा, तुझ्या बाबाला ऐकू येत नाही. आज नाही, गेली पंधरा-सोळा वर्षं येत नाही. मलाही येत नाही. मी फोन ठेवून देतो तो चक्रमपणानं नाही. आम्ही पत्रं लिहितो ती हौसेनं नाही.

भोसरीला आम्ही दोघं एकाच हॅमरवर होतो. लालबुंद लोखंडावर तो घण पडला की जमीन हलायची. तेव्हा कानात घालायला कोणी काही देत नव्हतं, दिलं तर आम्ही खिशात ठेवायचो. कान गेले. पुढे कंपनीनं वर्षाला एकदा कान तपासणं सुरू केलं. गाडी यायची, हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. जो नापास व्हायचा त्याला हॅमरवरून काढून झाडू मारायला लावायचे. हिंदुराव म्हणून आमच्यातला एक नापास झाला. पुढे त्याला येता-जाता बहिऱ्या म्हणत, त्याच्या तोंडावर, कारण त्याला ऐकू येत नाही. ते बघून मी तुझ्या बाबाला शिकवलं की तपासणाऱ्याचा खांदा बघ, खांदा हलला की बटण दाब. दर वर्षी पास. आणि आईची शपथ घालून त्याला सांगितलं की घरीसुद्धा बोलायचं नाही, बायकामाणसाच्या तोंडात राहत नाही. हे वाक्य माझं आहे. ते माझ्या माथी राहू दे.

तो माणसाचे ओठ बघून बोलणं ओळखतो. तू समोर बसून बोललीस की उत्तर देतो की नाही, आठवून बघ. स्वयंपाकघरातल्या हाकेला ओठ कुठले? कानाशी वाकलेल्या डॉक्टरला ओठ कुठले? आणि हॉर्नला?

आता नीट वाच. हॅमर चालू असला की बोलणं नाही, नजर कामावरून हलवायची नाही. तो हॅमर चालवायच्या दांड्यावर उजवा हात ठेवून उभा, मी मागे. मग स्पर्शाच्या खुणा होत्या. पाठीवर दोन थापा म्हणजे थांब. डावं कोपर धरून दाबलं म्हणजे ठीक आहेस का. त्याचं उत्तर रिकाम्या डाव्या हातानं द्यायचं, मूठ उघडून मिटायची. दोनदा. म्हणजे ठीक आहे.

तुझं पत्र वाचून मी पडवीत मोठ्यानं ओरडलो म्हणे. शेजारची धावत आली म्हणून कळलं.

डॉक्टरबाईंना हे सगळं वाचून दाखव. कोपर धरायला सांग. जुना चष्मा घेऊन जा, पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा, डोळे उघडले की समोर धरा. शपथ मी मोडली. आईला वर गेल्यावर तोंड दाखवीन. तुझा लोभ राहील असं मी मागत नाही, फक्त हे कर.

तुझा,
तात्या


॥ श्री ॥
पिंपरी, दवाखान्यातून
२६ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. सहा.

तुमच्या पत्राचा फोटो २३ ला संध्याकाळी आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. घरी न उतरता तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टर सुखदांनी पत्र दोनदा वाचलं. बाबांचं डावं कोपर धरून दाबलं. मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली. त्या म्हणाल्या की एकदा योगायोग असतो. गुडघा दाबला, काही नाही. उजवं कोपर दाबलं, काही नाही. पुन्हा डावं, पुन्हा मूठ. पाच वेळा केलं, पाचही वेळा. मग बाबांचा हात चादर कुरवाळत होता, तेव्हा पाठीवर दोन थापा मारल्या. हात थांबला.

काल सकाळी चष्मा घातला, मानेखाली उशी दिली, पाटी धरली. बाबांनी डोळे उघडायला बराच वेळ लावला. पाटीवर लिहिलं होतं : बोटं दाबा. डॉक्टरांनी आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली आणि बाबांनी ती अशी दाबली की त्या आई गं म्हणाल्या. मी म्हटलं, हॅमरवाल्याचा हात आहे. आधीचा पाच त्यांनी खोडला नाही. आमच्याकडून चुकला तरी त्या दिवशी दिलेला गुण तोच होता, म्हणाल्या. खाली नवी तारीख घालून सहा लिहिलं, आणि शेजारी लाल पेनानं : ऐकू येत नाही, लिहून दाखवणे. सांगवीच्या केंद्रात सोमवारी न्यायचं ठरलं. चालतील का, पूर्वीसारखे होतील का, हे आत्ता कोणी सांगत नाही. बराच काळ लागेल.

आमच्या कंपनीत माप घ्यायचं गेज चुकीचं असलं की चांगला जॉब रिजेक्टच्या पेटीत जातो. मी महिनाभर चुकीच्या गेजनं बाबांना मोजत बसले होते. तात्या, दर दोन तासांनी कूस बदलतात. कधीपासून कोण जाणे, पण बाबा दर दोन तासांनी सांगत होते की ठीक आहे, ठीक आहे, आणि आम्ही ते मोजून वहीत लिहीत होतो.

तुमच्यावर राग आला आहे. तो जायला वेळ लागेल. म्हणून लोभ कमी झाला असं समजू नका, दोन्ही एकदम असतात असं या महिन्यात कळलं.

आईला मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. संध्याकाळी तिनं माझ्याकडे पेन मागितलं. ती चौथी शिकलेली, पण सहीपलीकडे तिनं काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. खालचं तिचं आहे.

तुमची,
तनुजा

भाऊजींस तानाबाईचा नमस्कार. तनुजानं वाचलं ते ऐकलं. मी सात वर्सं अबोला धरला. मला वाटायचं ह्यास्नी माजी किंमत न्हाई. आन ह्यास्नी त्यो अबोला कळलाच नसंल. भिताडाशी रुसल्यावानी झालं. तुमच्या त्या खुनांमदी माजं चुकलं अशी खून हाय का. आसंल तर लिवून धाडा. मी रोज कोपर धरती. पन मला फकस्त ठीक हाय का येवढंच इचारता येतंय.


॥ श्री ॥
कोंडवाडी
३ मार्च २०२५

सौ. तानाबाई हिस,
मुरारीचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर पाहिलं. माझ्यापेक्षा बरं आहे.

चुकलं याची खूण आमच्यात नव्हती. हॅमरवर चुकलं तर सांगायला वेळ मिळत नसे, बोट जात असे. तू कोपर धरतेस तेच धर. तो मूठ उघडेल, त्यात सगळं आलं. आणि चुकलं म्हणायचं असेल तर ते आधी मी म्हणायला हवं, तुला आणि त्याला.

पण एक गोष्ट तुला चुकीची वाटते आहे, ती सांगायलाच हवी. त्याची सगळी पत्रं माझ्याजवळ ट्रंकेत आहेत. शेजारणीकडून ट्रंक पलंगाखालून ओढून घेतली आणि सात वर्षांपूर्वीचं एक शोधून काढलं. त्यात तो लिहितो, जसंच्या तसं उतरवतो : तानाबाई बोलेनाशी झाली आहे. चुलीशी बसून बडबडायची तेव्हा मी दारातून तिचे ओठ बघत बसायचो. काय म्हणते ते निम्मं कळायचं, निम्मं नाही, पण घर बोलतं आहे असं वाटायचं. आता कान गेले त्यापेक्षा जास्त गेलं. काय चुकलं ते विचारू कसं, विचारलं तर उत्तर ऐकू येणार नाही हे तिला कळेल.

तेव्हा अबोला त्याला पहिल्या दिवसापासून कळला होता. सांगवीला गेलात की त्याला चष्मा घाल, उजेडाकडे तोंड करून त्याच्यासमोर बस आणि बोल. काहीही बोल. भाजी महाग झाली ते बोल, मला शिव्या घाल. त्याला निम्मंच कळेल.

प्लास्टर परवा निघतं. रविवारी सकाळच्या एसटीनं काठी टेकत येतो, संध्याकाळी वल्लभनगर स्टँडवर उतरेन. तनुजाला सांग की रागावलेली असली तरी घ्यायला ये. लोभ ठेवा असं कोणत्या तोंडानं लिहू, पण ठेवा. आणि तिला हेही सांग की गर्दीत मी दिसलो तर लांबून हाक मारू नको. जवळ येऊन माझं कोपर धर. नऊ वर्षांत ते कोणी धरलेलं नाही.

तुमचा,
मुरारी